पळणाऱ्या पोरीचा खर्च कोणी केला?



आपल्या मानोरा तालुक्यात पाऊसकाळ मध्यावर आला, वावरात निंदणाची घाई झाली, की त्याच दिवसांच्या आगेमागे शाळांच्या खेळाच्या स्पर्धा लागतात. आधी तालुका, मग वाशिमला जिल्हा, तिथून अमरावती विभाग, आणि विभागावरून राज्य. चौदा वर्षांखालच्या, सतरा वर्षांखालच्या, एकोणीस वर्षांखालच्या पोरींचे वेगवेगळे गट. या सगळ्यात शंभर मीटरची शर्यत सगळ्यांत लवकर संपते. पोरी सुटल्या म्हणेपर्यंत निकाल लागलेला असतो. तेरा-चौदा सेकंदांचा खेळ. म्हणून आमच्या गटात या खेळावर बोलणं निघालं, की कोणीतरी माय विचारतेच, "एवढं क्षणभर पळून पोरीला मिळते काय?"

प्रश्न रास्त आहे. ज्या घरात चपलेचा जोड घेताना दोनदा विचार करावा लागतो, त्या घरानं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आम्ही त्याच्याच मागं लागून थोडा इतिहास चाळला. पदकं कोणी जिंकली हे पुस्तकांत लिहिलेलं असतं. आम्ही पाहायला गेलो ते वेगळंच. पळणाऱ्या पोरीच्या भाकरीचा, बुटांचा, राहण्याचा आणि फीचा खर्च कोणी केला? पळण्याच्या बळावर शिक्षण मिळतं, असं आज आपण ऐकतो. ते कधीपासून मिळायला लागलं, आणि कोणाला मिळालं?

सुरुवात जरा लांबून करू. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायांना पहिल्यांदा धावण्याच्या शर्यतींत उतरू दिलं. आठशे मीटरची शर्यत संपल्यावर काही जणी दमल्या, तर वर्तमानपत्रांनी बोभाटा केला, की बाईच्या देहाला हे झेपत नाही. झालं! ती शर्यत बायांसाठी बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. बत्तीस वर्षं. आपल्याकडं दिवसभर निंदून संध्याकाळी बाई बांधावर टेकली, म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी तिचं निंदण बंद केल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. असो. शंभर मीटर मात्र तेव्हापासून बायांसाठी सुरू राहिली.

आपल्या देशात हा हिशोब १९५१ पासून मांडता येतो. त्या वर्षी मार्च महिन्यात दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. स्वातंत्र्य मिळून चारच वर्षं झाली होती. तिथं शंभर मीटरमध्ये रोशन मिस्त्री या मुलीनं रौप्यपदक घेतलं. मुंबईच्या वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांनी दोनशे मीटरमध्ये कांस्य मिळवलं, आणि चौघींच्या रिले संघानंही रौप्य आणलं. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, फिनलंडमधल्या हेलसिंकीला ऑलिंपिक होतं. त्यासाठी मेरीची निवड झाली. बंगालची नीलिमा घोष ही सतरा वर्षांची मुलगीही निवडली गेली. भारतातर्फे ऑलिंपिकमध्ये धावलेल्या या पहिल्या दोघी.

निवड झाली, पण जायला पैसा नव्हता. सरकारकडून मेरीच्या खर्चाची सोय होईना. तेव्हा तिच्या मित्रमैत्रिणींनी आणि ओळखीच्या लोकांनी पत्त्यांच्या डावाचा आणि नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला, तिकिटं लावली, वर्गणी जमवली आणि तिचा खर्च उभा केला. आपल्या गटात एखादीच्या दवाखान्यासाठी शंभर-शंभर रुपये काढतात ना, अगदी तसं. फरक एवढाच, की ती वर्गणी देशाच्या वतीनं पळायला जाणाऱ्या पोरीसाठी होती. हेलसिंकीला दोघीही पहिल्या फेरीच्या पुढं गेल्या नाहीत. पण दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, मनिलाच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी चार गुणिले शंभर मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकलं. त्या चौघींत मेरी होती आणि स्टेफी डिसूझाही होती. स्टेफीला १९६३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानी खेळांत तो मिळवणारी ती पहिली बाई.

आता या नावांकडं नीट बघा. रोशन, मेरी, स्टेफी. यात मोहोळ, आडे, राठोड, इंगोले, ठाकरे नाहीत. त्या मुली शहरांतल्या, पारशी नाहीतर ख्रिस्ती घरांतल्या होत्या. त्यांच्या शाळांना मैदान होतं, शाळेत मुलींचे खेळ व्हायचे, आणि पोरगी पळते म्हणून घरात लाज वाटत नव्हती. आपल्या भागातल्या पोरींच्या पायांत तेव्हा जोर नव्हता असं कोणी म्हणेल काय? जोर होता, पण तो विहिरीच्या वाटेवर आणि मोळी वाहण्यात खर्च होत होता. शिवाय तो पाहणारं माणूसच कोणी नव्हतं.

व्यायामाची परंपरा आपल्या वऱ्हाडात जुनी आहे, हेही सांगायला हवं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाचे खेळाडू तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. मानोऱ्याहून अमरावती काही जगाच्या टोकाला नाही. पण त्या काळात तिथवर जाणारी वाट पोरांची होती.

आता जरा अमेरिकेला जाऊन येऊ, कारण "खेळाची शिष्यवृत्ती" हा शब्द जगभर गेला तो मुख्यतः तिथूनच. तिथं रीत अशी, की हायस्कूलमधली एखादी मुलगी जोरात पळते असं दिसलं, तर कॉलेजच तिला बोलावतं. तिनं कॉलेजच्या संघातून पळायचं, आणि कॉलेजनं तिची फी, राहणं, जेवण बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मुलींसाठी ते सुरुवातीला असं नव्हतंच.

विल्मा रुडॉल्फ नावाची एक काळी मुलगी टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिल गावची. जन्म १९४० चा. घरात बावीस लेकरं, त्यात ही विसावी. बाप रेल्वेत हमाली करायचा, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला असंच सगळे धरून चालले. आई तिला बसमध्ये बसवून दूरच्या शहरातल्या दवाखान्यात न्यायची, आणि घरी भावंडं पाळीपाळीनं तिचा पाय चोळायची. कित्येक वर्षं तिच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. तीच पोरगी हायस्कूलमध्ये असताना टेनेसी स्टेट कॉलेजचे प्रशिक्षक एड टेंपल यांच्या नजरेस पडली. त्यांनी तिला सुट्टीतल्या शिबिराला बोलावलं, पुढं कॉलेजात घेतलं. ते कॉलेज काळ्या मुलामुलींचं, पैशानं बेताचं. मुलींना सरळ शिष्यवृत्ती देण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तिथल्या धावपटू मुलींना रोज दोन तास कॉलेजचं काम करावं लागे. काम करा, शिका आणि पळा. विल्मा अशीच शिकली. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये तिनं शंभर मीटर, दोनशे मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेतली. रिलेमधल्या चौघीही त्याच एका कॉलेजच्या होत्या.

तिच्याही आधी ॲलिस कोचमन नावाची मुलगी टस्किगी इथल्या संस्थेत खेळाच्याच बळावर शिकायला गेली होती. १९४८ साली उंच उडीत तिनं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली काळी बाई. तिलाही शिष्यवृत्तीच्या बदल्यात तिथल्या खेळाच्या जागांची साफसफाई आणि खेळाडूंच्या कपड्यांची शिवणटिपण करावी लागे. मुलांना जे नुसतं पळून मिळायचं, ते मुलींना पळून आणि वर झाडूपोता करून मिळायचं. १९७२ मध्ये तिथं कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. त्यानंतर कॉलेजांना मुलींच्या खेळावरही पैसा काढावा लागला. त्या देशाच्या मुली पुढं इतक्या पदकांवर नाव कोरू लागल्या, त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. आमच्या मते तरी सगळ्यांत मोठा.

आपल्या देशात असा बदल आधी दिसला तो केरळात. १९७६ साली तिथल्या सरकारनं कन्नूरला मुलींसाठी खेळाची निवासी शाळा काढली. पहिल्या तुकडीत चाळीस मुली घेतल्या. त्यांत पय्योली गावची एक बारा वर्षांची अशक्त पोरगी होती, पी. टी. उषा. घरची गरिबी, त्यात सारखं आजारपण. तिला सरकारची महिन्याला अडीचशे रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि ओ. एम. नांबियार हे प्रशिक्षक मिळाले. अडीचशे रुपये! पण त्या अडीचशेमागं वेळेवर जेवण होतं, झोपायला खाट होती, सकाळी उठवून पळायला लावणारं माणूस होतं आणि शाळाही होती. त्या पोरीनं पुढं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरची रौप्यपदकं आणली. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये चारशे मीटर अडथळा शर्यतीत तिचं कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. १९८६ ला सोलमध्ये तिनं चार सुवर्णं जिंकली. शर्यती ऐकायला आपल्यापैकी कित्येकींचे बाप तेव्हा रेडिओला कान लावून बसले असतील. त्या आवाजामागं कन्नूरची ती शाळा होती, हे मात्र बातमीत क्वचितच यायचं.

सरकारनं मधल्या काळात काहीच केलं नाही असं नाही. १९७०-७१ पासून ग्रामीण खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या, १९७५ या महिला वर्षात बायांचा राष्ट्रीय क्रीडा महोत्सव सुरू झाला, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण आलं. पण स्पर्धा भरवणं निराळं आणि पोरीचा वर्षभराचा खर्च उचलणं निराळं. स्पर्धा एका दिवसाची असते. पोरीला रोज जेवावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात मोठी हालचाल झाली ती १९९४ च्या सुमारास. त्या वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, आणि पुण्याला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या. त्यासाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. मग १९९६ पासून राज्य सरकारनं क्रीडा प्रबोधिनी सुरू केल्या. पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, अकोला अशा वेगवेगळ्या ठिकाणी. कल्पना कन्नूरसारखीच. खेळात चमक असलेली लेकरं लहान वयात निवडायची, आणि राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळं सरकारनं बघायचं.

निवड कशी करतात, ते मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं समज आहे की ओळखपाळख लागते. लेकरू आठ ते चौदा या वयातलं लागतं. त्याची उंची आणि वजन मोजतात. मग चाचण्या होतात: तीस मीटर धावणं, उभ्या जागेवरून लांब उडी, उभ्या जागेवरून वर उडी, दहा मीटरच्या सहा फेऱ्या, जड चेंडू फेकणं, आठशे मीटर धावणं, आणि पाय सरळ ठेवून पुढं किती वाकता येतं ते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. तीस मीटर तर आपल्या कोणत्याही तांड्याच्या वाटेवर सापडतं.

या चाचण्यांमध्ये आठ ते चौदा हे वय आहे, तिथं आम्ही थांबतो, कारण आमच्या सगळ्या बोलण्याचा गाभा इथं आहे.

महाराष्ट्रातल्या खेड्यांतून पुढं आलेल्या धावपटू बाया कोण, असं विचारलं तर चटकन दोन नावं येतात. एक नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी घरातली. तिनं स्वतःच सांगितलंय, की धावणं निवडलं ते अनवाणी पळता येतं म्हणून. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्य घेतलं, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दुसरी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. तो तालुका दुष्काळाचा, शेतकऱ्याचं घर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेली उषानंतरची ती पहिली भारतीय बाई. आता राज्य शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी आहे.

दोघीही लांब पल्ल्याच्या. शंभर मीटरची एकही नाही. हे आम्हाला योगायोग वाटत नाही.

लांब पळणं रस्त्यावर शिकता येतं. घाट असला तर आणखी चांगलं. दम वाढतो तो वर्षानुवर्षं, पंचवीस-तिशीपर्यंत वाढत जातो. उशिरा सुरुवात केली तरी चालून जातं. जोरात पळणं तसं नाही. त्याला सुटायचं तंत्र शिकावं लागतं, पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून उठावं कसं, पहिली दहा पावलं खाली वाकून कशी टाकावीत, हात कसे चालवावेत. त्याला खिळ्यांचे बूट लागतात. सपाट, आखलेली धावपट्टी लागते. घड्याळ घेऊन उभा राहणारा जाणता माणूस लागतो. आणि ताकद लागते, म्हणजे अंडी, दूध, डाळ, शेंगदाणा, रोजच्या रोज. हे सगळं पोरगी वयात येण्याच्या आगेमागे मिळालं तर वेग तयार होतो. अठराव्या वर्षी दिलं तर बराचसा उशीर झालेला असतो. म्हणून आमचं म्हणणं असं, की लांब पळणारी पोरगी गावातच तयार होऊ शकते, पण जोरात पळणाऱ्या पोरीला वसतिगृह लागतं, आणि ते लवकर लागतं. मेरी आणि स्टेफी शहरांतल्या होत्या, याचं कारणही तेच. त्यांना मैदान चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

अलीकडं ही गोष्ट हळूहळू बदलताना दिसते. २०१९ च्या मार्चमध्ये हाँगकाँगला आशियाई युवा स्पर्धेत पुण्याची अवंतिका नराळे ही शाळकरी मुलगी शंभर मीटर ११.९७ सेकंदांत पळाली आणि सुवर्णपदक घेऊन आली. जून २०२२ मध्ये पंचकुल्याला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सातारा जिल्ह्याच्या सुदेष्णा शिवणकरनं शंभर आणि दोनशे मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. खेलो इंडियाच्या शालेय स्पर्धा २०१८ च्या सुरुवातीला पहिल्यांदा झाल्या. त्यातून निवडलेल्या मुलामुलींचं प्रशिक्षण, राहणं, जेवण, शिक्षण असा खर्च सरकार करतं, आणि शिवाय महिन्याला दहा हजार रुपये हातखर्चाला देतं. उषाचे अडीचशे आणि आजचे दहा हजार! महागाई धरली तरी फरक मोठा आहे. आणि १९५२ च्या पत्त्यांच्या डावाशी तुलना केली, तर विचारूच नका.

पण दहा हजारांपर्यंत पोचणाऱ्या पोरी मोजक्या. खरं सांगायचं तर तालुक्याला पहिली आलेली पोरगी बहुतेक वेळा जिल्ह्याला मागं पडते, जिल्ह्याची विभागाला. म्हणून सगळं वायाच गेलं का? तसं नाही. खेळात ठराविक पातळी गाठलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. कॉलेजात खेळाडूंना प्रवेशात आणि फीमध्ये सवलत देणारी कॉलेजं आहेत. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत पळालेल्या मुलीला आपल्याकडं 'कलर होल्डर' म्हणतात, तिचा कलर कोट घरात खुंटीला लावलेला असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पदक मिळवलेल्या खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी पोलीस भरती आहे. शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलींना पन्नास गुण असतात. आठशे मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. म्हणजे ज्या तेरा-चौदा सेकंदांचं काय करायचं असं आपण विचारत होतो, त्यांना सरकारनंच पंधरा गुण ठेवलेत. बारावी झालेली, पळणारी पोरगी तिथं भारी पडते. पण बारावी झालेली, हे विसरू नका.

आता घरातला खर्च. तो सरकारी कागदात कुठंच धरलेला नाही, आणि १९५१ पासून आजवर तो बहुतेक आयांनीच केलाय.

सगळ्यांत आधी वेळ. आपल्याकडं खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून, पाचवीपासून बारावीपर्यंत. फार चांगली योजना. पण बस शाळा सुटल्यावर लगेच सुटते, आणि पळायचा सराव शाळा सुटल्यावरच असतो. सरावाला थांबली तर बस गेली. बस गेली तर रस्त्यानं एकटी पोरगी, अंधार, आणि घरी बोलणी. कित्येक पोरींचं पळणं या एका बसपायी थांबतं. आमच्या माहितीतल्या एका गावात चार घरांनी मिळून यावर उपाय काढला. आठवड्यातून तीन दिवस कोणीतरी एक जण दुचाकीवर जायचं आणि चौघींना आणायचं, दोन फेऱ्यांत. पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायचे. त्या चौघींतली एकच आता पळते. पण चौघी बारावीपर्यंत शाळेत राहिल्या, हेही काही थोडकं नाही.

मग कपडे. हाफ पँटवरून घरात किती खल होतो, ते आपल्याला ठाऊक आहे. आमचं यात एकच सांगणं. गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी आणि वर सैल टीशर्ट घालून पळता येतं, सलवार घालून मात्र नाही. पाळीच्या दिवसांतही पळता येतं. पोट दुखत असलं, अंगावरून जास्त जात असलं तर त्या दिवशी विसावा घ्यावा, आणि अशक्तपणा असेल तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावं. रक्त कमी असलेल्या पोरीला "दम नाही" म्हणून मैदानातून काढतात, आणि दोष तिच्या नशिबाला लागतो. खरा दोष लोहाचा असतो.

तिसरी गोष्ट आमच्या तांड्यांतल्या बायांना जास्त कळेल. दिवाळी झाली की कोयते निघतात, घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. मोठी पोरगी बरोबर जाते, कारण धाकट्यांना सांभाळायला आणि भाकरी टाकायला तीच लागते. पुढच्या फेरीत निवड झालेली पोरगी फडावर असली, तर तिचं नाव यादीत राहतं आणि धावपट्टीवर दुसरीच उभी असते. परत आली की शाळेत मागं पडलेली, आणि वय पंधराचं झालेलं. मग स्थळं येतात. अठरा वर्षांचा कायदा सगळ्यांना पाठ आहे, तरी स्थळं येतात. वसतिगृहाचं मोल अशा घराला जेवढं, तेवढं बांद्र्याच्या घराला कधीच नव्हतं. पोरगी वसतिगृहात असली, तर उसाच्या फडावर न नेण्याचं एक कारण बापाच्या हातात येतं. त्याला ते कारण हवंच असतं कधीकधी.

शेवटी कागदांचं बोलून घेतो, कारण खेळाचा हक्क बहुतेक वेळा कागदापाशीच अडतो. पोरीचा जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख एकच असू द्या. वयोगट त्यावरच ठरतो, आणि फरक निघाला तर जिंकलेली पोरगीही बाद होते. स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र, तालुक्याचंही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, पेटीत तळाला. पावसात भिजलेली प्रमाणपत्रं आम्ही पाहिली आहेत. नोकरीच्या वेळी खेळाचं प्रमाणपत्र क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं, ते काम जाहिरात निघायच्या आधीच करून ठेवलेलं बरं. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या कधी आहेत, याची चौकशी वाशिमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात होते. पोरगी आठ-नऊ वर्षांची असतानाच करा. ती सातवीत पहिली आल्यावर आठवण झाली, तर चौदा व्हायला थोडेच महिने उरलेले असतात.

शाळेत खेळाचा वेगळा शिक्षक नसेल, तर ग्रामसभेत विचारा. आणि तोवर वावराच्या कडेला, जिथं दगड नाहीत अशी जागा बघून, टेपनं किंवा मोजलेल्या दोरीनं तीस मीटर आखून ठेवा. मोबाइलमध्ये सेकंदांचं घड्याळ असतंच.